डिलिव्हरीनंतर १४ महिन्यांनी घेतलेली थेरपी: ९ सेशन्सचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांब होणार आहे. मी स्वतः शोधत होते तेव्हा सगळीकडे "खूप छान, मन हलकं झालं, नक्की जा" एवढंच वाचायला मिळत होतं आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं, आत गेल्यावर नक्की काय करतात, सगळं पहिल्याच दिवशी सांगावं लागतं का, नवऱ्याला बोलावतात का, बाळ सोबत चालतं का. म्हणून जसं झालं तसं लिहितेय. सेंटरचं आणि थेरपी देणाऱ्या मॅडमचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यात माझ्या हॉस्पिटलचं आणि आधीच्या एका काउन्सेलरचंही येणार आहे आणि मला कुणाला नावं ठेवायची नाहीयेत. असं कुणी शोधताना काय बघायचं एवढं जरी यातून कळलं तरी पुष्कळ झालं.

सर्व्हिस म्हणजे बाळंतपणाच्या अनुभवावर वन-टू-वन थेरपी. पहिलं सेशन ९० मिनिटांचं, पुढची ५० मिनिटांची, समोर बसून किंवा व्हिडिओवर. माझी ९ झाली, त्यातली ५ समोर.

माझं काय झालं होतं ते थोडक्यात सांगते, थोडक्यातच, कारण तेव्हा मलाही तेवढंच माहीत होतं. कळा चालू होत्या, पाण्याची पिशवी फोडली, लगेच आतून चेक केलं आणि मग एकदम सगळं बदललं. चेक करणाऱ्या डॉक्टरांनी आत घातलेला हात बाहेर काढलाच नाही. मला गुडघ्यांवर पालथं व्हायला लावलं, तशीच ट्रॉलीवर घेतली, त्या बाई माझ्यासोबत ट्रॉलीवर चढल्या आणि हात तसाच आत. मी "काढा, हात काढा" म्हणून ओरडत होते आणि कुणीतरी "हलू नका, अजिबात हलू नका" एवढंच म्हणत होतं. मग छतावरचे दिवे, मग तोंडावर मास्क, मग काहीच नाही. जाग आली तेव्हा पोटाला टाके होते आणि बाळ शेजारी नव्हतं. बाळ कुठे आहे विचारलं तर "आहे, बरं आहे, झोपा" असं उत्तर. बाळाला २ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलं होतं आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिलं तेव्हा खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही, हे माझंच आहे ना एवढाच प्रश्न आला डोक्यात.

घरी आल्यावर सगळे म्हणाले दोघंही सुखरूप, अजून काय हवं. मी पण तेच म्हणत होते. पण कुठेही रबरी हातमोजा ओढल्याचा आवाज आला, तो ताणून सोडल्यावर फट् असा येतो ना, तो आला की माझ्या मांड्या आपोआप आवळल्या जायच्या आणि मी तिथे नसायचेच, परत ट्रॉलीवर. बाळाच्या लसीकरणाला मी एकदाही गेले नाही, दर वेळी नवऱ्याला पाठवलं, काही ना काही कारण काढून. टाके बघायला बोलावलं होतं ती तपासणी एकदा केली आणि पुढची बुडवली. मध्यरात्री बाळ श्वास घेतंय का बघायला उठायचे, हे सगळ्याच आया करतात असं मला वाटायचं, पण मी दर १० मिनिटांनी उठत होते. नवऱ्याने हात लावला तरी दचकायचे. हे १४ महिने चाललं.

त्यात साधारण सहाव्या महिन्यात मी एका काउन्सेलरकडे गेले होते, ती वेगळी जागा. तिथे पहिल्याच भेटीत मला डोळे मिटायला सांगून "सगळं परत जगा, पहिल्यापासून, एकही गोष्ट सोडू नका, मोकळं व्हा" असं झालं. मी सांगितलं सगळं. तास संपला, मला टिश्यू दिले आणि मी बाहेर पडले आणि पुढचे तीन आठवडे मला धड झोप लागली नाही. परत गेले नाही. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे, लोकांना बोलून बरं वाटतं आणि मला नाही वाटत. खूप नंतर कळलं की ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय, ज्या बाईचं बाळंतपण असं भयानक गेलंय तिला एकाच बैठकीत ते सगळं परत जगायला लावणारा उपचार देऊ नये. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी आठ महिने आधी इकडे आले असते. हा राग माझा अजून गेलेला नाही.

आता या सर्व्हिसबद्दल. आधी एक फॉर्म येतो, त्याबद्दल शेवटी बोलते. पहिल्या भेटीत मॅडमनी डिलिव्हरीची गोष्ट विचारलीच नाही. म्हणाल्या, "आज मला ती गोष्ट नको, आज मला तुमचे हल्लीचे दिवस कसे जातात ते हवंय." झोप, खाणं, बाळ कोण बघतं, घरात कोणाशी बोलता येतं. दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक एडिनबरा स्केल, १९८७ ची, १० प्रश्नांची, मागच्या ७ दिवसांबद्दलची, जी बऱ्याच जणींनी बाळंतपणानंतर कुठे ना कुठे भरलेली असते. यात ० ते ३० मध्ये मार्क येतात, माझे ८ आले, म्हणजे काळजी करावी इतके नाहीत. हॉस्पिटलच्या फॉलोअपमध्ये हीच भरून घेतली होती आणि तेव्हाही "तुम्हाला डिप्रेशन नाही, छान" म्हणून सोडलं होतं. दुसरी सिटी बर्थ ट्रॉमा स्केल, २०१८ ची, २९ प्रश्नांची, यात बाळंतपणाची दृश्यं नको असताना डोळ्यासमोर येतात का, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळता का, सतत सावध राहता का, स्वतःला दोष देता का असं विचारतात. त्यात माझं जवळजवळ सगळंच हो होतं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या की पहिली प्रश्नावली उदासी शोधते, तुमचा त्रास भीतीचा आहे, म्हणून तो तिच्यात दिसला नाही. एवढं ऐकूनच मला रडू आलं, कारण १४ महिने मी स्वतःला सांगत होते की टेस्टमध्ये तर काही नाही निघालं, मग हे नाटक कशाला.

एडिनबरामधला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. माझं उत्तर कधीच नाही असं होतं तरी त्यांनी कागदावरचं धरून न चालता तोंडाने परत विचारलं, सरळ शब्दांत, आवाज न बदलता. मला ते आवडलं. जिचं उत्तर हो असेल तिला सांगायला सोपं जाईल असं विचारणं होतं ते.

दुसरं आणि तिसरं सेशन बरंचसं तयारीतच गेलं आणि मला तेव्हा थोडी घाई झाली होती हे खरं आहे. पाय जमिनीवर टेकवून बसायचं, दिसणाऱ्या ५ गोष्टी, हाताला लागणाऱ्या ४, कानावर येणारे ३ आवाज, २ वास, तोंडातली १ चव असं मोजत परत या खोलीत यायचं, हे इतक्या वेळा केलं की मला कंटाळा आला. पण चौथ्या सेशनला जेव्हा खरंच मांड्या आवळल्यासारखं होऊन श्वास अडकला, तेव्हा तोच सराव कामाला आला, त्यामुळे ती दोन सेशन्स वाया गेली असं आता नाही म्हणणार.

त्यांनी पद्धतीही समजावून सांगितल्या. ईएमडीआर म्हणून एक असते, डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करतात, त्याचे ८ टप्पे असतात, आणि दुसरी ट्रॉमावरची, म्हणजे मनावरच्या आघातावरची सीबीटी, ज्यात बोलून, लिहून, आठवण उलगडत जातात. डब्ल्यूएचओने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी, म्हणजे भयानक अनुभवानंतर मागे राहणाऱ्या अशा त्रासासाठी, दोन्ही सुचवल्यात. मी बोलण्याची घेतली, कारण मला काय झालं तेच कळलेलं नव्हतं आणि ते कळून घ्यायचं होतं. निवड मला करू दिली ही गोष्ट लहान वाटेल, पण ज्या दिवशी माझ्या अंगावर काय चाललंय यात मला कुणी काहीच विचारलं नव्हतं त्या दिवसाबद्दल बोलायला मी आले होते, त्यामुळे माझ्यासाठी ती लहान नव्हती. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला "आज किती पुढे जायचं" हे मी ठरवायचे आणि हात वर केला की त्या वाक्याच्या मधेच थांबायच्या.

चौथ्या सेशनला एक लांब कागदाची पट्टी टेबलावर पसरली. एका टोकाला "घरातून निघालो", दुसऱ्या टोकाला "बाळ पहिल्यांदा घरी झोपलं". सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे सुरक्षित जागा, मुद्दाम. मधे मला आठवेल ते चिठ्ठ्यांवर लिहून लावायचं, क्रमाने आठवायलाच हवं असं नाही. त्या म्हणाल्या की अशा वेळची आठवण म्हणजे फाईलमधली पानं सुटी झालेली असतात, त्यांना नंबर नाहीत, तारीख नाही, म्हणून कुठलंही पान कधीही हातात येतं आणि ते आत्ताचंच वाटतं. एहलर्स आणि क्लार्क या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेल्या मॉडेलवर हे काम चालतं असं नंतर त्यांनीच सांगितलं. माझ्या पट्टीवर पहिल्या भागात चिठ्ठ्यांची गर्दी झाली आणि मास्कनंतर हातभर कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाकडे बघून मला जितकं कसंतरी झालं तितकं चिठ्ठ्या बघून नाही झालं. मॅडमनी विचारलं, "इथे काय झालं असेल असं वाटतं?" आणि मी जे कुणालाच बोलले नव्हते ते बोलले, की इथे माझ्यामुळे काहीतरी झालं. कारण अर्ध्या तासापूर्वी सिस्टर उठू नका म्हणाल्या असताना मी बाथरूमला गेले होते, आणि कळा सहन होत नाहीत, लवकर होण्यासाठी काहीतरी करा असं मीच म्हणाले होते, त्यानंतर पिशवी फोडली.

त्यांनी "नाही हो, तुमची काही चूक नाही" असं म्हटलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तसं तर घरचे सगळे म्हणालेच असते आणि माझा विश्वास बसला नसता. त्या म्हणाल्या, "हे खरं आहे का ते आपल्या दोघींनाही माहीत नाही. फाईल मागवली आहे का कधी?"

मी नव्हती मागवली. फाईल मागवायची असते हेच माहीत नव्हतं, माझ्याकडे फक्त डिस्चार्ज समरी होती आणि ती मी डिस्चार्जच्या दिवशी पिशवीत टाकली ती परत उघडली नव्हती. नवऱ्याने अर्ज करून पूर्ण केसपेपरची कॉपी आणली, दोन खेटे घालावे लागले. पाकीट बंदच ठेवायचं, घरी एकटीने वाचायचं नाही, असं आधीच ठरलं होतं आणि मी ते पाळलं. पाचवं सेशन फक्त त्या फाईलचं.

फाईल वाचणं म्हणजे विचित्र असतं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर दिवस कुणाच्यातरी घाईच्या अक्षरात, निम्मे शब्द संक्षिप्त. पार्टोग्राफ नावाचा तक्ता होता, त्यात किती वाजता गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं आणि बाळाचे ठोके किती होते याच्या रेषा. २:४० ला पिशवी फोडली. २:४३ ला लिहिलंय कॉर्ड प्रोलॅप्स, म्हणजे बाळाच्या डोक्याच्या आधी नाळ खाली घसरली. त्याच्या पुढे लिहिलंय, डोकं हाताने वर उचलून धरलं, नी-चेस्ट पोझिशन, तसंच ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये शिफ्ट. ३:०२ ला बाळ बाहेर. पहिल्या मिनिटाचा ऍपगर, म्हणजे जन्मल्या जन्मल्या बाळ कसं आहे याचे १० पैकी मार्क, ५, पाचव्या मिनिटाचा ८.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. तो हात. नाळ खाली आली की बाळाचं डोकं तिच्यावर दाबतं आणि बाळाचा ऑक्सिजन तुटतो, म्हणून कुणीतरी आत हात घालून डोकं वर ढकलून धरायचं असतं आणि सिझेरियन होऊन बाळ बाहेर येईपर्यंत सोडायचं नसतं, गुडघ्यांवर पालथं करतात ते पण त्याचसाठी, वजन नाळेवर येऊ नये म्हणून. ज्या हाताने मला १४ महिने झोपू दिलं नाही तो हात १९ मिनिटं माझ्या बाळाची नाळ मोकळी ठेवत होता.

इथे कुठलीही घाईची थेरपिस्ट म्हणाली असती की बघा, आता कळलं ना, आता सोडून द्या. मला स्वतःलाही लगेच तसंच वाटलं, मी म्हणाले मी किती वाईट आहे, त्या बाईंनी माझं बाळ वाचवलं आणि मी त्यांना शिव्या देत होते मनातल्या मनात. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांनी बाळ वाचवलं. आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही. यातलं एक खरं असलं म्हणून दुसरं खोटं होत नाही." ट्रॉलीबरोबर धावता धावता "नाळ खाली आलीय, बाळासाठी हात धरून ठेवलाय" हे सांगायला चार सेकंद लागले असते, चार सेकंद नसतील तेव्हा तर दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, तिसऱ्या दिवशी, डिस्चार्जच्या दिवशी. कुणीच नाही सांगितलं. त्या दिवशी मला राग धरायची परवानगी मिळाली आणि आभार मानायचीही, दोन्ही एकाच तासात, आणि मी घरी जाऊन चार तास सलग झोपले.

दोषाचं मात्र फाईलने सुटलं नाही. बाथरूमला गेल्यामुळे झालं का, मी लवकर करा म्हटल्यामुळे झालं का, हे मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही, याचं उत्तर मी दिलं तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं असेल." आम्ही मिळून ७ प्रश्नांची यादी केली आणि मी ती घेऊन एका दुसऱ्या, माझ्या केसशी संबंध नसलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, तपासणी नाही, फक्त बोलायला, हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाळाचं डोकं अजून वरच असताना पाणी गेलं, आपोआप गेलं काय किंवा फोडलं काय, तर पाण्याबरोबर नाळ घसरू शकते, १००० बाळंतपणांत साधारण १ ते ६ वेळा हे होतं, आणि पिशवी शाबूत असताना बाथरूमला चालत जाण्याचा याच्याशी संबंध नाही. डोकं वर असताना पिशवी फोडावी की नाही हा निर्णय डॉक्टरांचा असतो, पेशंटने लवकर करा म्हणण्याचा नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला हॉस्पिटलला प्रश्न विचारायचा असेल तर तो विचारण्यासारखा प्रश्न आहे, असंही म्हणाले. सातही उत्तरं मी वहीत लिहून आणली. थेरपिस्टने स्वतःच्या माहितीची हद्द ओळखणं ही माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती.

सहाव्या आणि सातव्या सेशनमध्ये मग ती गोष्ट परत सांगायची, पण आता नवीन माहितीसकट. म्हणजे त्या क्षणापर्यंत जायचं, हात, ट्रॉली, दिवे, आणि तिथे थांबून मोठ्याने म्हणायचं, "आता मला माहितीय हा हात का आहे. आता मला माहितीय बाळ ३:०२ ला येणार आहे." पहिल्यांदा म्हणताना शब्दच फुटेना. भीती ० ते १० मध्ये किती हे दर वेळी विचारायच्या, सुरुवातीला ९ होती, सातव्या सेशनच्या शेवटी ३. मास्कनंतरच्या कोऱ्या कागदावर मी फाईलमधून वेळा लिहिल्या आणि एक चिठ्ठी रिकामी ठेवली, कारण त्या १९ मिनिटांतल्या शेवटच्या भागात मी शुद्धीवर नव्हतेच, ते माझं कधीच होणार नाही.

हातमोज्याचा आवाज वेगळा घेतला. मॅडमनी एक जोडी टेबलावर ठेवली, मी तयार आहे म्हटल्यावरच मी स्वतः ती घातली, स्वतः ताणून सोडली. तेव्हाचं काय आणि आत्ताचं काय यातला फरक मोठ्याने मोजायचा, तेव्हा झोपवलेली होते, आत्ता बसलेय, तेव्हा दुसऱ्याचा हात, आत्ता माझा, दरवाजा उघडा आहे, बाळ बाहेर आजीजवळ आहे. लिहिताना साधं वाटतं. करताना घाम फुटला होता.

आठव्याला नवरा आला. मला वाटलेलं की त्याला माझी बाजू समजावून सांगायला बोलावलंय, पण मॅडमनी आधी त्यालाच विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" तो कॉरिडॉरमध्ये होता. त्याने ट्रॉली जाताना बघितली, माझ्या मागे ट्रॉलीवर गुडघे टेकून बसलेली बाई बघितली, माझं ओरडणं ऐकलं आणि दार बंद झालं. कुणीतरी त्याच्यापुढे कागद धरला, सही करा, त्याने न वाचता केली. २० मिनिटं त्याला वाटत होतं की आम्ही दोघंही गेलो. बाळ झाल्यावर डॉक्टरांनी त्याला बाहेर येऊन नाळेचं सांगितलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं मलाही सांगितलंय, आणि मी त्या दिवसाबद्दल काही बोलत नाही म्हणजे मला नकोय बोलायला, म्हणून तो गप्प राहिला. १४ महिने एका घरात एकाला उत्तर माहीत होतं आणि दुसरीला प्रश्न. मला त्याचा राग नाही आला, आम्ही दोघं गाडीत बसून बराच वेळ नुसते रडलो. बाबांनाही असा त्रास होऊ शकतो आणि त्यांना कुणीच विचारत नाही हे मला त्या दिवशी कळलं. माझी तक्रार एवढीच की नवऱ्यासाठी एकच सेशन ठेवलेलं होतं, दोन तरी हवी होती, त्याचं तर नुकतं कुठे सुरू झालं होतं. त्याला वेगळ्या थेरपिस्टचं नाव सुचवलं, तो अजून गेलेला नाही, मी मागे लागलेय.

नववं सेशन आटोपशीर होतं, दोन्ही प्रश्नावल्या परत, पुढे कधी त्रास वाढू शकतो याची यादी (बाळाचा वाढदिवस, पुढची प्रेग्नन्सी, कुणाच्या डिलिव्हरीची बातमी, आतली तपासणी) आणि प्रत्येकासमोर काय करायचं ते. दुसरी प्रेग्नन्सी कधी राहिली तर डॉक्टरांना दाखवायचं एक पानभर पत्र पण आम्ही लिहून ठेवलं, त्यात पहिलं वाक्य, "माझ्या अंगाला हात लावण्याआधी काय करताय ते सांगा, घाई असेल तर करता करता सांगा." हॉस्पिटललाही पत्र लिहिलं. ते पाठवायचं की नाही यात मॅडमनी अजिबात ढकललं नाही. मी पाठवलं. त्यात आभारही लिहिले आणि प्रश्नही. उत्तर आलं दोन ओळींचं, पोच दिल्यासारखं. वाईट वाटलं, पण कोसळले नाही.

मधे एक झालं ते सांगते. हे सगळं चालू असताना मी आईला थोडंफार बोलले, तर आईने मला माझ्या जन्माची गोष्ट सांगितली, ३० वर्षांपूर्वीची, खोलीत खिडकी कुठे होती, कुठली सिस्टर कपाळावरून हात फिरवत होती आणि कुठली ओरडली, काय शब्दांत ओरडली, सगळं. इतकी वर्षं कधी निघालं नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पेनी सिमकिन या बाळंतपणावर काम करणाऱ्या अमेरिकन बाईंनी १९९१ मध्ये असंच दाखवलं होतं, १५ ते २० वर्षांनंतरही बायकांना पहिलं बाळंतपण बारकाईने आठवत होतं, आणि समाधान होतं की नाही हे आपल्याशी लोक कसे वागले यावर बरंच अवलंबून होतं. आईला ती कपाळावरून हात फिरवणारी सिस्टर नावानिशी आठवते.

न आवडलेल्या गोष्टी. फॉर्म भयंकर लांब आहे, मोबाईलवर भरताना दोनदा उडाला आणि परत पहिल्यापासून भरावा लागला, बाळाला मांडीवर घेऊन हे करणं म्हणजे शिक्षा आहे. घरी करायच्या अभ्यासाचे कागद पुस्तकी भाषेत आहेत, मॅडम बोलतात तशी भाषा कागदावर का नाही कळत नाही. दोन सेशन्सच्या मधे मेसेज केला तर उत्तर येत नाही, हे त्या पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा तो नंबर देतात, पण पाचव्या सेशननंतरच्या रात्री मला कुणीतरी हवं होतं हे पण खरं. व्हिडिओ सेशन मला तितकं जमलं नाही, पट्टी आणि चिठ्ठ्या स्क्रीनवर तशा होत नाहीत आणि दाराबाहेर बाळ रडलं की लक्ष तिकडेच. त्यांचा ग्रुप पण असतो, मी एकदा बसून बघितलं, दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकून माझी भीती वाढली, पण एका मैत्रिणीला त्याच ग्रुपने फार आधार दिला, त्यामुळे ते ज्याचं त्याने बघावं.

बाळ सोबत नेलेलं चालतं, दूध पाजत बोललं तरी चालतं. फक्त फाईलच्या आणि गोष्ट परत सांगायच्या सेशन्सना बाळ दुसऱ्या कुणाजवळ ठेवा असं त्याच सांगतात आणि ते बरोबर आहे.

डिलिव्हरीनंतरचे पहिले १०-१५ दिवस रडू येणं, हळवं होणं हे खूप जणींना होतं आणि बहुतेकींचं आपोआप ओसरतं, त्यासाठी लगेच ही थेरपी लागत नाही, त्या स्वतःच तसं सांगतात. महिना उलटून गेला, दृश्यं येतच राहिली, तुम्ही जागा, माणसं, तपासण्या टाळायला लागलात, तर जा. सिझरच झालं पाहिजे, रक्तस्रावच झाला पाहिजे असं काही नसतं, माझ्यासोबत वेटिंगमध्ये भेटलेल्या एकीची कागदोपत्री अगदी नॉर्मल डिलिव्हरी होती आणि तिची अवस्था माझ्यासारखीच होती. आणि हे नीट वाचा, बाळंतिणीला दिवसच्या दिवस झोप नाही, भास होतायत, बाळाबद्दल काहीतरी विचित्र पक्कं डोक्यात बसलंय, वागणं एकदम बदललंय, तर थेरपीची अपॉइंटमेंट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे.

मी ५ पैकी साडेचार देतेय, अर्धा फॉर्मचा आणि नवऱ्याच्या त्या एकाच सेशनचा कापला. मागच्या महिन्यात बाळाच्या लसीला मी गेले, सिस्टरने हातमोजे घातले, आवाज आला, मी ५ गोष्टी मोजल्या, बाळ रडलं, मी त्याला घट्ट धरलं.

फॉर्ममध्ये शेवटी एक मोठा रिकामा चौकोन आहे, "तुमच्या बाळंतपणाबद्दल थोडक्यात लिहा" असा. तो बघून बऱ्याच जणी तिथेच थांबत असतील, मी पण दोन आठवडे थांबले होते. तो रिकामा सोडला तरी फॉर्म जातो. मी रिकामाच सोडला होता.